गयामावशींचा कुकर

गयामावशींच्या दाराची कडी जो वाजवतो तो वारंगा फाट्यावर नवा आलेला आहे, एवढं तिथल्या चहावाल्यापासून जीपवाल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. मीही आले त्या दिवशी कडी वाजवली. आधी हळू, मग जोरात, मग छत्रीच्या दांड्यानं. शेवटी समोरच्या पंक्चरच्या दुकानातून एक तिशीतला माणूस हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, वाजवून काय फायदा न्हाई. मागून अंगणात जा अन् तिच्या समोर हुभ्या राहा."

तो त्यांचा मुलगा, मिलिंद. मी मागच्या अंगणात गेले. साठीच्या आसपासच्या एक बाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. माझी सावली सुपावर पडली तशी त्यांनी वर पाहिलं. मी खोली भाड्यानं बघायला आल्याचं सांगू लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तू उन्हाकडं पाठ करून हुभी हायेस. तोंड दिसत न्हाई. इकडं ये, अशी. हां, आता बोल. मला ऐकू येत न्हाई, पर तोंड दाखवून बोललीस तर तुझं एक अक्षर खाली पडू देनार न्हाई."

मी परभणीची. जवळच्या गावातल्या शाळेवर माझी बदली झाली होती आणि येण्याजाण्याला सोपं म्हणून फाट्यावर राहायचं ठरवलं होतं. मावशींच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, त्या मला मिळाल्या. आमच्यामध्ये एक भिंत आणि एक सामाईक अंगण. त्या शेजारात मी पाच-सहा वर्षं काढली.

वारंगा फाटा म्हणजे चारी बाजूंनी येणारे ट्रक, एसट्या, काळीपिवळी जीपा, आणि प्रत्येकाचा हॉर्न वेगळा. पहिला आठवडाभर मला झोप लागली नाही. सकाळी डोळे लाल बघून मावशी म्हणाल्या, "मला बघ. साऱ्या फाट्यावर सुखानं झोपनारी मी एकलीच हाये."

कान जन्मापासूनचे गेलेले नव्हते. मिलिंद लहान असताना त्यांना मोठा ताप आला होता. त्याबद्दल त्या एवढंच सांगायच्या, "ताप गेला, पर रिकाम्या हातानं न्हाई गेला." त्यामुळे बोलणं त्यांचं स्वच्छ होतं. ऐकू न येणारी माणसं बहुधा मोठ्यानं बोलतात; मावशींचा आवाज मात्र माझ्या शाळेतल्या कुठल्याही बाईपेक्षा मऊ होता. बोलताना त्या दोन बोटं गळ्यावर ठेवत. आवाज वाढला की गळा जास्त थरथरतो, हे त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं. पुढे बोटांची गरज उरली नव्हती, पण सवय राहिली. अनोळखी माणसांना वाटायचं, बाईंचा घसा दुखतोय.

त्यांचं एक वाक्य होतं, ते अख्ख्या गल्लीच्या तोंडी बसलं होतं. "पाठीनं बोलू नको." भांडी घासता घासता, चपला घालता घालता, निघून जाता जाता कुणी काही बोललं की मावशी ते वाक्य म्हणायच्या. मला शाळेत त्याचा फार उपयोग झाला. फळ्याकडे तोंड करून शिकवणं माझं आपोआप बंद झालं.

आणि भांडणात त्यांच्याशी कुणी जिंकू शकत नसे. म्हणजे त्या फार बोलत असं नाही. समोरच्याचं चाललेलं असताना त्यांना वाटलं की आता पुरे, की त्या डोळे मिटून घेत. एवढंच. समोरचा माणूस थोडा वेळ तसाच बोलत राही, मग त्याच्या लक्षात येई की आपण आता भिंतीशी बोलून राहिलो. त्यांची सून सुषमा अंगणवाडीत सेविका होती. स्वभावानं चांगली, पण तापट. एकदा ती माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली. "बाई, तुमीच सांगा, डोळे मिटलेल्या मानसाशी भांडावं कसं?" मला हसू आवरेना. मग तीही हसली.

मिलिंदनं नांदेडहून कानाचं मशीन आणलं तो दिवस मला आठवतो. त्यानं मोठ्या हौसेनं आईच्या कानात ते बसवलं. तेवढ्यात बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागे गाणी लावलेला ट्रक. मावशींनी दोन्ही हात कानांवर दाबले.

"काहून रे, कानात गिरनी बसवलीस का?"

आठवडाभर त्यांनी लेकासाठी ते सोसलं. मग मशीनमधला सेल काढून ठेवला आणि नुसतं मशीन तेवढं लग्नाकार्याला घालून जाऊ लागल्या. मी विचारलं, "मावशी, सेल नसलेलं मशीन कशाला घालता?"

"मशीन बघून लोक नीट बोलतात," त्या म्हणाल्या. "न्हाई तर तोंडासमोर बसून माझंच गाऱ्हानं करतात. त्यांना वाटतं बहिरीला काय कळतंय."

बहिरीला काय कळतं, ते मी औंढ्याला पाहिलं. मावशींच्या बहिणीची मुलगी अनिता तिथल्या दवाखान्यात परिचारिका होती. तिला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मावशी निघाल्या आणि मलाही बरोबर घेतलं. त्या दिवशी नेमकं मशीन घरी राहिलं. पाहुण्यांना सांगितलं गेलं की मावशीला ऐकू येत नाही, आणि त्यांनी मावशींकडे बघणं सोडून दिलं. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई आणि चुलती पलीकडच्या पलंगावर बसून एकमेकींच्या कानाशी कुजबुजत होत्या. खोलीत कुणालाही त्यातला एक शब्द ऐकू गेला नाही. मावशी मात्र कपबशी हातात धरून त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली, दोन बोटं गळ्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या,

"अनिता, लगीन झाल्यावर हे लोक तुला नोकरी सोडायला लावनार हायेत. आत्ता त्यातलं काई बोलायचं न्हाई, असं ठरलंय त्यांचं."

मुलाच्या आईच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "आमी कुठं काय म्हनलं?" असं ती म्हणाली खरी, पण तिच्या आवाजात दम नव्हता. ते स्थळ तिथंच संपलं. परतताना जीपमध्ये मी मावशींना म्हटलं, "तुम्ही कमाल केली." त्या म्हणाल्या, "कमाल कसली? त्या बायकांनी तोंड बराबर माझ्याकडं केलं व्हतं." अनिताचं नंतर लग्न झालं, ती अजून नोकरीवर आहे.

अशा बाईला घरातल्या कुकरनं हरवलं.

स्वयंपाकघर मावशींचं राज्य होतं. सुषमा अंगणवाडीला जायची, मिलिंद दुकानात, आणि घरचं रांधणं सारं मावशींकडे. सुषमा घरी असली की कुकरच्या शिट्ट्या ती बोटांनी दाखवायची. नसली की मावशी अंदाजानं गॅस बंद करत. एके दुपारी त्यांनी तुरीचं वरण लावलं आणि मागच्या अंगणात शेवग्याच्या शेंगा तोडायला गेल्या. झाडावर शेंगा भरपूर होत्या, त्या रमल्या. कुकरमधलं पाणी आटत आलं, तळाचं वरण करपलं आणि झाकणाची सुरक्षेची चकती उडाली. केवढा आवाज! मी शाळेतून नुकतीच येऊन चपला काढत होते. मिलिंद हातातला टायर टाकून धावत आला. स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, छताला पिवळं वरण चिकटलेलं, आणि आई कुठं दिसेना. तो ओरडत मागच्या दारानं बाहेर आला तेव्हा मावशी वाकवलेली फांदी एका हातानं धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातानं शेंग तोडत होत्या. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

इजा कुणालाच झाली नव्हती, पण आईची ती पाठ मिलिंदच्या डोळ्यांपुढून जाईना. संध्याकाळी त्यानं आईला समोर बसवलं. "माय, आता तू गॅसजवळ जायचं न्हाई. मला तुझ्यापरीस वरन जास्त न्हाई." दुसऱ्या दिवसापासून दुकानात जाताना तो सिलेंडरचा रेग्युलेटर काढून बरोबर नेऊ लागला. सुषमा पहाटे उठून दोन वेळचं करून जायची. मावशींसाठी डबा झाकून ठेवलेला असायचा.

त्यात कुणाचंच वाईट नव्हतं, हेच अवघड होतं. मावशींना भांडायला जागा नव्हती. त्या माझ्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, कान गेले तवा मी रडले न्हाई. आता हात बी गेले."

तो उन्हाळा मावशी आजारी माणसासारख्या वागल्या. तूर पाखडणं सुटलं, गल्लीतल्या बायकांत बसणं सुटलं. सुषमा शेजारी बसून बोलू लागली तरी त्या डोळे मिटून घेत, आणि ते मिटणं भांडणातलं नव्हतं. सुषमाच मला म्हणाली, "घरात हायेत, पर घरात न्हाईत बघा."

पावसाळा आला. फाट्याच्या मागं विहार आहे, तिथं वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. पांढरी साडी नेसून मावशी नेमानं जात आणि वाचणाऱ्याच्या अगदी समोर बसत, म्हणजे ओठ दिसावेत. कधी मीही सोबत जात असे. अश्विन पौर्णिमा जवळ आली तशी समारोपाच्या दिवशी सगळ्यांना खायला काय करायचं यावर बायकांची बैठक बसली. खीर तर होतीच, तिच्याबरोबर काय? कुणी पोहे म्हणालं, कुणी बटाटेवडे. मावशी एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या उभ्या राहिल्या.

"शेंगा करू. भुईमुगाच्या, उकडलेल्या. रानातून ओल्या शेंगा आत्ताच निघून राहिल्या. मी करते."

सगळ्यांनी सुषमाकडे पाहिलं. ती बिचारी अवघडली. "आत्याबाई, तुमचं घरचं ठाऊक हाय ना…" कुणीतरी सांभाळून घेतलं, "मंग अंगनात चूल मांडू की, मोठं पातेलं ठेवू. गयाबाई चुलीवर करतीन."

"चुलीवर न्हाई," मावशी म्हणाल्या. "कुकरवर करीन."

चुलीवर म्हटल्या असत्या तर प्रश्नच मिटला असता. पण ज्या आखाड्यात पाठ लागली होती, त्याच आखाड्यात त्यांना उतरायचं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांचा चेहरा पाहिला. उन्हाळाभर न दिसलेली धग होती त्यावर.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मावशी माझ्या दारात. हातात ओल्या शेंगांचं फडकं, जुन्या लुगड्याची फाडलेली चिंधी आणि दोन वाट्या.

"तुझा कुकर दे. तू खुर्चीवर बस. काई झालं तरी मला सांगायचं न्हाई. शिट्टी झाली तरी न्हाई."

"आणि काही उलटं झालं तर?"

"तर गॅस बंद कर. पर बोलू नको."

शेंगा त्यांनी तीन पाण्यांनी धुतल्या. ओल्या शेंगेला माती फार. ती राहिली तर सगळं पाणी गढूळ होतं. मुळाचे धागे एकेक करून काढले. कुकरमध्ये शेंगा बुडतील एवढं पाणी आणि माझ्या हिशेबानं फारच मीठ घातलं. झाकण लावण्याआधी वाफेचं भोक उजेडाकडे धरून एका डोळ्यानं त्यातून पाहिलं. मग ती चिंधी खिडकीच्या गजाला अशी बांधली की खालचं टोक शेगडीच्या जाळापासून लांब, पण शिट्टीच्या वाफेच्या वाटेत यावं. गॅस पेटवला आणि ओट्याच्या कडेवर तळवा टेकून त्या उभ्या राहिल्या.

मी खुर्चीवर बसून बघत होते. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "पानी उकळलं. फरशी बोलून राहिली." मी उठून ओट्याला हात लावला. खरंच, बारीक थरथर होती. इतकी वर्षं मी त्याच ओट्यावर रांधत होते, मला कधी जाणवली नव्हती. मग शिट्टी झाली आणि चिंधी एकदम उडाली. मावशींनी एका वाटीतली शेंग उचलून दुसऱ्या वाटीत टाकली. पुन्हा शिट्टी, पुन्हा चिंधी नाचली, पुन्हा एक शेंग. एकही चुकली नाही. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं.

"तवा मी कानानं रांधत व्हते, बाई. कान नसताना कानानं रांधत व्हते. आता डोळ्यानं रांधीन."

शेंगा मात्र बिघडल्या. शिजल्या छान, पण मीठ आत गेलंच नव्हतं. वाफ ओसरताच मावशींनी घाईनं झाकण काढून शेंगा उपसल्या होत्या. एक तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ ठेवल्या, तर दाण्यांचा लगदा झाला. तो आम्ही आमटीत घातला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीन शिट्ट्या होऊ दिल्या, आच बारीक करून थोडा वेळ ठेवल्या, गॅस बंद केला आणि सरळ अंगणात जाऊन बसल्या. मी म्हटलं, "उघडायचा नाही का?"

"न्हाई. शेंग आचेवर शिजते, पर मीठ थंडावताना पिते. तिला निवांत पिऊ दे."

उन्हं उतरल्यावर आम्ही कुकर उघडला. शेंग दाबली की टरफल अलगद फुटायचं, आत गुलाबी दाणा आणि त्याच्या भोवती खारट पाण्याचा थेंब. आम्ही दोघी जमिनीवर बसून खात राहिलो. टरफलांचा ढीग वाढत गेला आणि तेवढ्यात सुषमा दारात येऊन उभी राहिली. अंगणवाडीतून येताना तिला वास आला होता. तिनं कुकर पाहिला, सासूला पाहिलं, मला पाहिलं.

"बाई, तुमी बी?" ती माझ्यावरच चिडली. "त्यांना काई झालं असतं म्हंजे?"

मावशी उठल्या. माझ्या टेबलावरच्या डब्यातला कापूस घेतला, त्याचे दोन बोळे केले आणि सुनेच्या हातावर ठेवले. "कानात घाल. अन् मूठभर शेंगा लाव. मंग भांड."

सुषमा तापट खरी, पण आडमुठी नव्हती. तिनं कानात कापूस घातला आणि गॅस पेटवला. सुरुवातीला ती सारखी मान वाकडी करून ऐकायला बघत होती. मग तिची नजर त्या चिंधीवर खिळली. मावशींनी तिचा तळवा धरून ओट्यावर टेकवला. पहिल्यांदा चिंधी उडाली तशी सुषमा लहान मुलीसारखी ओरडली, "झाली!" तिनं कापूस काढला तेव्हा तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. जाताना ती एवढंच म्हणाली, "ह्यांना मी सांगते. पर ते ऐकतील का न्हाई…"

मिलिंदनं ऐकलं, पण मानलं नाही. पौर्णिमेच्या सकाळी त्यानं रेग्युलेटर आणून स्वतः बसवला आणि स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला. "मी हितंच हाये," तो म्हणाला. "दुकान राहू दे आज बंद."

शेतातून पोतं भरून शेंगा आल्या होत्या. शेगडीवर दोन मोठे कुकर, खिडकीला दोन चिंध्या. चार-पाच बायका शेंगा धूत होत्या, सुषमा भरत होती, मावशी ओट्याला हात लावून उभ्या होत्या. विहारावर कर्णा लावलेला, त्याच्यावर गाणी. रस्त्यावर नेहमीचे हॉर्न. आणि स्वयंपाकघरात बायकांच्या गप्पा. पहिला घाणा उत्तम झाला. दुसरा चढवला. डाव्या कुकरची शिट्टी झाली, चिंधी उडाली. पुन्हा झाली.

मावशींनी एकाएकी दोन्ही बटणं फिरवली. गॅस बंद.

"आत्याबाई, उजव्याची एक बी शिट्टी न्हाई झाली अजून," सुषमा म्हणाली आणि पुन्हा बटणाकडे हात नेला. मावशींनी तिचं मनगट धरलं. बोटं गळ्यावर नव्हती, आणि मी पहिल्यांदा त्यांचा मोठा आवाज ऐकला.

"भाईर! समद्या भाईर!"

त्यांनी सुषमाला जवळजवळ ओढत अंगणात नेलं. आम्ही सगळ्या मागोमाग. मिलिंद गोंधळून दारातच होता, त्यालाही छातीला हात लावून मागं ढकललं. "काय झालं माय?"

"उजवा फरशी हलवून राहिला. डाव्यापरीस जास्त. पर त्याची चिंधी हललीच न्हाई. वाफ कुठं चालली मंग?"

मिलिंदच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण उमटली. दिवसभर हवा भरणाऱ्या माणसाला आणखी सांगायला लागत नाही. आम्ही अंगणात उभ्या राहिलो. कुकर थंड व्हायला कितीतरी वेळ लागला. मग त्यानं एकट्यानं आत जाऊन झाकण काढून आणलं आणि वाफेच्या भोकाला तोंड लावून फुंकर मारली. हवा जाईना. तार घालून ओढलं तेव्हा शेंगेच्या मुळाचा धागा आणि सालीचा तुकडा, दोन्ही घट्ट वळून बसलेले, बाहेर आले. घाईघाईत भरताना राहून गेलेले.

सुषमा पायरीवर बसली. "मी शिट्टीची वाट बघत व्हते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी वाटच बघत बसले असते."

आम्ही सगळ्याच बसलो असतो. होणारी शिट्टी कानाला कळते. न होणारी कळत नाही. त्या घरात चांगल्या कानांची सात-आठ माणसं होती आणि गप्पांच्या नादात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मिलिंद झाकण हातात घेऊन आईजवळ गेला. तिच्या अगदी समोर उभा राहिला, उजेडात, तोंड नीट दिसेल असा. त्याचे ओठ थरथरत होते, म्हणून त्यानं तेच वाक्य दोनदा म्हटलं.

"माय, आता गॅस तुझा. तू म्हनशील तसं."

मावशींनी त्याच्या गालावर हात ठेवला. मग झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं, उजेडाकडे धरलं, एका डोळ्यानं भोकातून पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, शेंगा राहिल्यात अजून."

विहारात त्या दिवशी खीर उरली, शेंगा उरल्या नाहीत. दुपारी लोक झाडाखाली घोळक्या-घोळक्यानं बसून खात होते. दात नसलेल्या म्हाताऱ्यांनाही चावता येत होत्या, म्हणून त्यांची वेगळीच पंगत जमली होती. पलीकडच्या तांड्यावरच्या काही बायका बाजाराला निघाल्या होत्या, त्याही थांबल्या आणि ओटीत घेऊन गेल्या. जो तो येऊन मावशींसमोर उभा राहत होता, तोंड नीट दाखवून, "मावशी, झ्याक!" म्हणत होता. मशीन घरीच होतं. त्याची आठवणही कुणाला झाली नाही. मावशी पांढऱ्या साडीचा पदर खोचून परातीजवळ उभ्या, आणि त्यांच्या मागं सुषमा सगळ्यांना सांगत होती, "आमच्या आत्याबाईंनी केल्यात. कुकरवर!"

त्यानंतर फाट्यावर कुणाकडे काही असलं की शेंगांसाठी मावशींना बोलावणं यायचं. हळदीला, बारशाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला. त्या जात आणि जिथं जात तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीला एक चिंधी बांधून येत. कित्येक घरांतून ती कुणी सोडलीच नाही.

माझी बदली सेनगावला झाली. निघताना मावशींनी मला जवळ घेतलं नाही. जवळ घेतलं की तोंड दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हातभर अंतरावर उभ्या राहून त्या मला नीट बघत राहिल्या.

मागच्या वर्षी नांदेडहून येताना बस बदलायला फाट्यावर उतरले. औंढ्याकडे निघालेली एक जीप भरत होती. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, गयामावशी. तिकडच्या एका विहारातल्या बायकांनी त्यांना शेंगा करायला बोलावलं होतं. मांडीवर नवाकोरा मोठा कुकर. ड्रायव्हर विनवत होता, "मावशी, टपावर ठेवतो की, अडचन व्हईल तुमाला." मावशी त्याला म्हणत होत्या, "तुला गिअर टाकायला जागा हाय का? हाय ना? मंग चालव."

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांचे डोळे चमकले. "येतीस का? बस मागं. शेंगा धुवायला मानूस पायजे."

"माझी सेनगावची गाडी लागली आहे, मावशी."

"मंग पळ. गाडी पाठीनं जाती, थांबत न्हाई." स्वतःच्या बोलण्यावर त्या स्वतःच हसल्या.

जीप निघाली आणि लगेच अडली. समोर एक उसाचा ट्रक आडवा घालून त्याचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. जीपवाल्यानं हॉर्न दाबला, दाबूनच ठेवला. मागच्या दोन गाड्यांनीही दाबला. फाट्यावर हॉर्नकडे कोण बघतं? ट्रकवाल्यानं मान वळवली नाही. तेवढ्यात मावशींनी खिडकीतून अख्खा हात बाहेर काढला आणि पोरांना अंगणातून हाकलावं तसा, एकदाच, आडवा फिरवला. ट्रकवाल्याची नजर त्या हातावर पडली. त्यानं ग्लास ठेवला, धावत जाऊन ट्रक बाजूला घेतला. मावशींनी हात आत घेतला, कुकर नीट धरला, आणि जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली.